ऑक्सिजनच्या सिलिंडरला तेलकट हात नको

आलापल्लीचा चौक टाळून दक्षिण गडचिरोलीत फारसे कुठे जाता येत नाही. एक रस्ता सिरोंच्याला जातो, एक एटापल्लीला, एक भामरागडला आणि एक आष्टीमार्गे गडचिरोली-चंद्रपूरकडे. सागवानाचे ट्रक या चौकाने कित्येक पिढ्या पाहिले. हल्ली सुरजागडच्या लोहखनिजाचे जास्त दिसतात. ट्रक म्हटले की गॅरेज आले आणि गॅरेज म्हटले की गॅस कटिंग. चेसिसला तडा गेलेला असतो, गंजलेला बोल्ट पान्याला दाद देत नसतो. मग मिस्त्री नळ्या उलगडतो आणि कोपऱ्यात साखळीने बांधलेल्या काळ्या सिलिंडरची चावी फिरवतो.

त्याच रस्त्याने रुग्णवाहिका जातात. आतल्या गावांतून अहेरीच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि गरज पडली तर तिथून शंभरावर किलोमीटर दूरच्या गडचिरोलीला. त्यांच्यातही एक काळे सिलिंडर असते, फक्त त्याचा खांदा पांढरा रंगवलेला असतो. पांढरा खांदा म्हणजे वैद्यकीय ऑक्सिजन. दोन्हींच्या शुद्धतेचे आणि नोंदींचे नियम वेगळे आहेत, एकाच्या जागी दुसरे वापरायचे नसते. पण तेल आणि ग्रीसच्या बाबतीत दोघांचा स्वभाव अगदी एक आहे, आणि तो बहुतेकांना माहीत नसतो. गॅरेजातला मिस्त्री एक वेळ सांगेल की ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला तेल लावायचे नाही. रात्री दोन वाजता भर पावसात घट्ट बसलेली चावी फिरवू पाहणाऱ्या मदतनिसाला ते कुणी सांगितलेलेच नसण्याची शक्यता जास्त.

ऑक्सिजन स्वतः जळत नाही. तो दुसऱ्याला जाळायला मदत करतो. हे शाळेत सगळे शिकतात. ती मदत किती मोठी असते, ते पाहायचे तर गॅस कटिंगच पाहावे. कापणारा आधी ज्योतीने लोखंड लालभडक करतो आणि मग टॉर्चची कळ दाबतो. कळ दाबल्यावर येतो तो निव्वळ ऑक्सिजनचा झोत. त्या झोतात लोखंड जळू लागते, अक्षरशः जळण म्हणून, आणि खाली पडणाऱ्या ठिणग्या ही त्याची राख. साध्या हवेत, जिथे ऑक्सिजन २१ टक्के असतो, तीच लाल पट्टी गार होऊन काळी पडली असती. जे हवेत जळत नाही ते शुद्ध ऑक्सिजनमध्ये जळते, आणि जे हवेत सावकाश जळते ते ऑक्सिजनमध्ये भडका घेते. तेल, ग्रीस, डिझेलने माखलेली चिंधी, हातावरचे क्रीम हे सगळे या दुसऱ्या गटात मोडते.

यात दाबाची भर पडते. भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे १५० बार दाब असतो, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दीडशेपट. ट्रकच्या टायरमध्ये असतो त्याच्या साधारण वीसपट. आता चावी एका झटक्यात उघडली तर काय होते? व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटर यांच्यामधल्या बोटभर पोकळीत हा वायू धाडकन शिरतो आणि तिथे आधीपासून असलेला वायू क्षणार्धात दाबला जातो. दाबलेला वायू तापतो. सायकलचा पंप मारताना त्याचे टोक हाताला गरम लागते, ते याच कारणाने. डिझेल इंजिनात तर ठिणगी टाकणारा प्लगच नसतो. हवा पंधरा-वीसपट आकसून इतकी तापते की त्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. सिलिंडरच्या तोंडाशी वायू एका बारवरून १५० बारवर एकदम गेला, तर कागदावरच्या गणिताने तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. प्रत्यक्षात धातू बरीच उष्णता शोषून घेतो, त्यामुळे ते एवढे चढत नाही. पण तेलाचा पातळ थर पेटायला याच्या कितीतरी खालचे तापमान पुरते.

पुढचे चुलीसारखे घडते. चुलीत आधी काडी पेटते, काडीने काटक्या, काटक्यांनी जाड लाकूड. रेग्युलेटरमध्ये तेलाचा डाग ही काडी. तिने प्लास्टिकचा वॉशर किंवा व्हॉल्व्हची बैठक पेटते आणि तेवढ्या उष्णतेने अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडासुद्धा. सगळे काही सेकंदांत आटोपते आणि पेटलेला धातू ज्या दिशेला वाट मिळेल तिकडे फुटतो. बहुतेकदा समोर चावी फिरवणाऱ्याचा चेहरा असतो.

अमेरिकेत अशा घटना वाढल्यावर तिथल्या औषध प्रशासनाने आणि कामगार-आरोग्य संस्थेने १९९९ मध्ये मिळून इशारा दिला, की वैद्यकीय सिलिंडरवर अ‍ॅल्युमिनियमऐवजी पितळेचे रेग्युलेटर वापरावेत. पितळ ऑक्सिजनमध्ये सहसा पेट घेत नाही. जळालेल्यांत रुग्णवाहिकेचे आणि अग्निशमन दलाचे कर्मचारी होते. २००६ मध्ये त्याच दोन संस्थांना दुसरी सूचना काढावी लागली, ती एका क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूबद्दल होती. एकदाच वापरायचा नायलॉनचा वॉशर लोक पुन्हा पुन्हा वापरत होते. चेपलेला वॉशर गळतो, गळती थांबवायला चावी आणखी आवळली जाते, तो आणखी चेपतो, आणि फटीतून सुसाट निघणारा ऑक्सिजन त्या प्लास्टिकलाच पेटवतो.

तेलाचा हा प्रश्न ज्यांनी सगळ्यात बारकाईने सोडवला, त्यांत पाण्याखाली जाणारे लोक आहेत. मालवण-तारकर्लीला स्कूबा करून आलेला माणूस हौसेने सांगतो की पाठीवर ऑक्सिजनचे सिलिंडर बांधले होते. ते खरे नसते. त्या टाकीत बहुतेक वेळा गाळलेली, दाबाने भरलेली साधी हवा असते. शुद्ध ऑक्सिजन घेऊन सहा मीटरच्या खाली गेले तर तो वायूच विषारी ठरतो आणि पाण्यात झटके येऊ शकतात. पण पाणबुड्यांचा एक वर्ग साध्या हवेऐवजी ऑक्सिजन वाढवलेली हवा वापरतो. तिला नायट्रॉक्स म्हणतात. अमेरिकेतील सागर आणि वातावरण संस्था ‘नोआ’ने १९७० च्या दशकाच्या अखेरीस ३२ टक्के ऑक्सिजनचे मिश्रण आपल्या पाणबुड्यांसाठी प्रमाणित केले, आणि पुढे ते हौशी पाणबुड्यांपर्यंत पोचले. ऑक्सिजन वाढला की नायट्रोजन घटतो. रक्तात विरघळणारा नायट्रोजन कमी झाल्याने त्याच खोलीवर जास्त वेळ राहता येते.

गोम मिश्रण तयार करण्यात आहे. सर्वांत सोपी आणि जुनी पद्धत अशी: रिकाम्या टाकीत आधी शुद्ध ऑक्सिजन सोडायचा आणि वर हवा भरायची. २०० बारच्या टाकीत ३२ टक्के मिश्रण हवे असेल तर आधी सुमारे २८ बार शुद्ध ऑक्सिजन जातो आणि उरलेली हवा. शेवटी टाकीत ३२ टक्केच ऑक्सिजन असतो, पण भरताना तिच्या तोंडाने आणि व्हॉल्व्हने १०० टक्के ऑक्सिजन पाहिलेला असतो. श्वासात काय आहे यावरून धोका मोजता येत नाही; उपकरणाच्या कोणत्या भागाला, किती दाबाने, किती शुद्ध ऑक्सिजन भिडला यावरून तो मोजावा लागतो. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा नियमांनी व्यावसायिक पाणबुड्यांसाठी याची रेघ ४० टक्क्यांवर ओढली आहे. त्याहून जास्त ऑक्सिजन ज्या भागाला लागतो तो भाग त्या कामासाठी बनवलेला आणि ज्वलनशील पदार्थांपासून स्वच्छ केलेला हवा. शिवाय दाब जास्त असेल तिथे बंद-चालू करणारा व्हॉल्व्ह सावकाश उघडणाराच हवा.

‘स्वच्छ केलेला’ या शब्दाचा इथला अर्थ घरातल्या स्वच्छतेहून वेगळा आहे. व्हॉल्व्ह किंवा रेग्युलेटर पूर्ण सुटा केला जातो, शेवटच्या स्प्रिंगपर्यंत. रबराच्या जुन्या ओ-रिंग फेकून दिल्या जातात. धातूचे भाग तेल सोडवणाऱ्या द्रावणात, बहुतेकदा ध्वनिलहरींनी थरथरणाऱ्या गरम टाकीत धुतले जातात. मग स्वच्छ पाण्याने खळबळणे, आणि तेलविरहित वायूच्या झोताने वाळवणे. गॅरेजच्या कॉम्प्रेसरची हवा इथे चालत नाही, कारण तीच तेलाचा सूक्ष्म फवारा घेऊन येते. कापडसुद्धा तंतू न सोडणारे लागते, कारण कापसाचा एक तंतू हीदेखील काडीच.

तपासणीची रीत पाहण्यासारखी आहे. प्रखर पांढऱ्या उजेडात धूळ, कीस आणि गंज दिसतो. मग अंधारात अतिनील दिवा लावतात, कारण बरीचशी खनिज तेले त्या उजेडात चमकतात. सगळीच चमकत नाहीत, म्हणून त्यावर विसंबून राहत नाहीत. तिसरी चाचणी पाण्याची. धुतलेल्या धातूवर पाणी ओतले आणि ते अखंड पापुद्र्यासारखे पसरून राहिले तर पृष्ठभाग स्वच्छ. थेंब-थेंब होऊन फाटले तर तेल शिल्लक आहे. भांडी घासणाऱ्या कुणालाही हे ठाऊक असते. तुपाच्या ताटावर पाणी ठरत नाही.

जोडणी करताना हातात भुकटी नसलेले मोजे घालतात. ओ-रिंगा ऑक्सिजनला जास्त टिकणाऱ्या रबराच्या बसवल्या जातात. वंगण लागतेच, कारण कोरडी रिंग चिरते. पण ते खास फ्लोरिनयुक्त वंगण असते, जे शुद्ध ऑक्सिजनमध्येही सहसा पेटत नाही. पाणबुडे एरवी वापरतात ते सिलिकॉन ग्रीसही इथे बाद. त्या छोट्या ट्यूबची किंमत ऐकून नवखे लोक दचकतात आणि नेमकी तिथेच काटकसर करायला जातात. शेवटी भाग पिशवीत बंद करून तारखेची चिठ्ठी लावली जाते.

एवढे करूनही ती स्वच्छता टिकाऊ नसते. अशी टाकी एकदा साध्या कॉम्प्रेसरवर भरून आणली की ती पुन्हा अस्वच्छ धरली जाते, बाहेरून कितीही चकचकीत असली तरी. श्वासासाठीच्या सामान्य हवेत प्रति घनमीटर ५ मिलिग्रॅमपर्यंत तेल चालवून घेतात. ऑक्सिजनमध्ये मिसळायच्या हवेला ही मर्यादा ०.१ मिलिग्रॅम आहे, पन्नासपट कडक. फुप्फुसाला जेवढे तेल त्रास देत नाही, तेवढे व्हॉल्व्हमध्ये साठत गेले तर पेटण्यासाठी पुरते.

हे सगळे आलापल्लीच्या रुग्णवाहिकेला लागू करायचे का? रेग्युलेटर उघडून धुण्याचे काम तर तिथे मुळीच करू नये. ते बनवणाऱ्याच्या किंवा अधिकृत दुरुस्ती केंद्राच्या हातचे आहे, आणि अर्धवट साफसफाई न केलेल्याहून वाईट असते, कारण साफ करणारे द्रावणच आत राहून जळण ठरू शकते. पण अस्वच्छता आत जाऊ न देणे आणि चावी हळू उघडणे ही दोन कामे पूर्णपणे वापरणाऱ्याच्या हातात आहेत.

२०२१ च्या उन्हाळ्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, सिलिंडर पहिल्यांदाच मोठ्या संख्येने रुग्णालयाबाहेर पडले आणि घराघरांत, शाळांतल्या केंद्रांत, खासगी गाड्यांत पोचले. तुटवडा इतका होता की आरगॉन आणि नायट्रोजनची सिलिंडरे ऑक्सिजनसाठी वापरायला ‘पेसो’ने परवानगी दिली. पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना हे तिचे पूर्ण नाव. मुख्यालय नागपुरातच आहे. दुसऱ्या वायूचे सिलिंडर ऑक्सिजनला द्यायचे म्हणजे आतले तेल काढणे, व्हॉल्व्ह बदलणे आणि रंग बदलणे आलेच. देशाच्या गॅस सिलिंडर नियमांत तर सरळच म्हटले आहे, की सिलिंडरच्या व्हॉल्व्हला किंवा जोडणीला तेल वा तत्सम वंगण लावायचे नाही. नियम जुना आहे. मात्र तो सिलिंडर भरणाऱ्यांच्या वाचनात येतो, वापरणाऱ्यांच्या नाही.

त्याच काळात एक नवा धोका हातावर आला: सॅनिटायझर. त्यातला अल्कोहोल ओला असताना सिलिंडरची चावी फिरवू नये. हात पूर्ण वाळू द्यावा. स्वच्छतेसाठी केलेली गोष्ट स्वच्छतेच्याच दुसऱ्या नियमात बसत नाही, असे क्वचितच घडते.

गडचिरोलीच्या पावसाळ्यात या गोष्टींना वेगळी धार येते. पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटते. सिलिंडर दमट हवेत दिवसेंदिवस पडून राहते, तोंडावर चिखल आणि धूळ बसते, चावी घट्ट होते. घट्ट चावीला दोन थेंब तेल सोडणे ही हाताला लागलेली सवय आहे. सायकलच्या साखळीपासून दाराच्या बिजागरीपर्यंत सगळीकडे ती कामी येते. घरात खोबरेल असते, मोहाच्या बियांचे तेल असते, गाडीत ग्रीसचा डबा असतो. गाडीचे चाक बदललेलाच माणूस पुढच्या मिनिटाला सिलिंडर जोडतो. म्हणून हात साबणाने धुऊन कोरडे करणे ही पहिली पायरी, आणि गाडीतली पुसायची चिंधी सिलिंडरजवळ न ठेवणे ही तिच्याच जोडीची.

रेग्युलेटर लावण्याआधी व्हॉल्व्ह क्षणभर किंचित उघडून बंद करतात, तोंड माणसांपासून दूर धरून. त्याने तोंडातली धूळ उडून जाते. वॉशर जागेवर आहे का, तो चिरलेला किंवा चपटा तर नाही, हे बघावे. गळती दिसली तर वॉशर बदलायचा असतो; पांढरी टेप गुंडाळणे हा त्यावरचा उपाय नाही. जोड हाताच्या ताकदीने किंवा त्याच्याच चावीने बसवावा, पाइप पान्याने पिळू नये. प्रवाहाचा खटका शून्यावर ठेवावा. मग बाजूला उभे राहून चावी अगदी सावकाश फिरवावी, काटा हळूहळू चढताना दिसला पाहिजे. काटा स्थिर झाल्यावर पूर्ण उघडावी. बंद करताना सिलिंडर शेवटच्या श्वासापर्यंत रिकामे करू नये. थोडा दाब शिल्लक राहिला की बाहेरची ओल आत शिरत नाही आणि गंज धरत नाही. गंजाचा सुटलेला कणही वेगात आपटला तर ठिणगीचे काम करतो.

घरी ऑक्सिजन लावलेल्या रुग्णांबाबत दाबाचा धोका कमी आहे, विशेषतः कॉन्सन्ट्रेटर असेल तर. तिथे भीती विडीची. तेंदूपानांच्या या जिल्ह्यात दम्याच्या आणि फुप्फुसाच्या जुन्या आजाराच्या कितीतरी रुग्णांची विडी आजाराने सुटलेली नसते. नळी नाकात असताना ऑक्सिजन कपड्यांत, केसांत, गोधडीत मुरतो, आणि यंत्र बंद केल्यावरही काही वेळ तिथेच राहतो. ‘बंद करून लगेच ओढली’ हे म्हणणे म्हणूनच पुरेसे नाही. चूल आणि देवाचा दिवाही त्या खोलीबाहेर हवा. नळीने ओठ-नाक कोरडे पडले तर तेल किंवा पेट्रोलियम जेली चोळण्याऐवजी डॉक्टरांना विचारून पाण्यात विरघळणारे मलम वापरावे.

राहिली ती रुग्णवाहिकेतल्या घट्ट चावीची गोष्ट. लहान, १० लिटर पाण्याएवढ्या आकाराच्या भरल्या सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला १० लिटर लागत असेल तर तो १५० मिनिटे पुरतो, म्हणजे अडीच तास. इथल्या रस्त्यांवर आणि ट्रकांच्या रांगांत आलापल्ली ते गडचिरोली याला तेवढा वेळ लागू शकतो, त्यामुळे एकाच सिलिंडरवर निघण्यात अर्थ नाही. शिवाय ते एकच उघडले नाही तर माणूस नाइलाजाने हातोडी किंवा तेलाकडे वळणारच. चावी फिरते का, काटा किती दाखवतो, वॉशर बरा आहे का, हे पाळी बदलताना दिवसाउजेडी पाहून ठेवायचे असते. जे सिलिंडर सहज उघडत नाही त्याला ‘व्हॉल्व्ह घट्ट, वापरू नये’ अशी चिठ्ठी बांधून ते गाडीतून उतरवायचे आणि भरणाऱ्याकडे परत पाठवायचे.